अस्वलाचा वाटा

(केळशी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



दापोली तालुक्यात आज अस्वल नाही. सह्याद्रीत ते आहे, पण बरेच दक्षिणेला : कोयना-चांदोलीची राने, राधानगरी, आंबोली, तिलारी. तिथेही संख्येने थोडे. महाराष्ट्रातले अस्वलाचे खरे घर विदर्भात आहे. मेळघाट, ताडोबा, नवेगाव-नागझिरा, गडचिरोलीची जंगले आणि बुलढाण्यातले ज्ञानगंगा अभयारण्य. मग भारजेच्या खाडीकाठी, नारळी-पोफळीच्या गावात, या जनावरावर तासभर बोलायचे कारण काय? कारण अस्वलाच्या निमित्ताने मला एक साधा प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. रानातले जनावर कोणत्या महिन्यात काय खाते, हे आपण कधी नीट पाहिले आहे का? माझे म्हणणे असे आहे की, जनावर आणि माणूस यांच्यातल्या बहुतेक भांडणांचे मूळ या प्रश्नाच्या उत्तरात सापडते. जनावराच्या बारा महिन्यांपैकी एखादा महिना रिकामा पडला, की ते तो महिना आपल्या शेतात येऊन भरून काढते.

सुरुवात लांबून करतो. उत्तरेकडची थंड जंगले, म्हणजे स्वीडन-नॉर्वे, रशिया, अलास्का, कॅनडा. तिथे तपकिरी अस्वल राहते. हे अस्वल वर्षातले पाच ते सात महिने गुहेत झोपून काढते. त्या काळात खाणे नाही, पाणी नाही, मलमूत्र नाही. अंगावरच्या चरबीवर सगळा संसार चालतो. म्हणजे वर्षभराचे खाणे उरलेल्या पाच-सात महिन्यांत उरकायचे. वसंतात बाहेर आले की, हिवाळ्यात मेलेल्या जनावरांची मढी, बर्फाखालून वर आलेले कोवळे गवत, मूस नावाच्या मोठ्या हरणाची नुकती जन्मलेली पिल्ले. भर उन्हाळ्यात मुंग्या. वारुळे उकरून, कुजलेले ओंडके फोडून. ऑगस्टपासून झुडपांना बेरी धरतात आणि मग अस्वल दुसरे काही करतच नाही. दिवसरात्र खाते. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या डोंगरांत तर ते उन्हाळ्यात उंच दगडधोंड्यांत चढून पतंग खाते. एक अस्वल दिवसाला चाळीस हजारांपर्यंत पतंग खाऊ शकते, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे. एवढा मोठा प्राणी आणि एवढेसे भक्ष्य. पण पतंगांच्या अंगात चरबी भरपूर असते आणि अस्वलाला ते ठाऊक असते.

यातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट वेगळीच आहे. अस्वलाचा समागम उन्हाळ्याच्या सुरुवातीला होतो, पण गर्भ लगेच रुजत नाही. तो शरद ऋतूपर्यंत तसाच थांबून राहतो. मादीच्या अंगावर पुरेशी चरबी साठली तरच तो गर्भाशयात रुजतो आणि भर हिवाळ्यात गुहेत पिल्ले होतात. बेरी आल्या नाहीत, चरबी साठली नाही, तर त्या वर्षी पिल्ले नाहीत. पिल्लांचा निकाल झुडपावर लागतो.

आता हे वेळापत्रक बिघडले तर? अलास्कातल्या कोडियाक बेटावर ते बिघडलेले लोकांनी पाहिले. तिथे उन्हाळ्यात सामन मासा अंडी घालायला ओढ्यांत चढतो, अस्वले काठावर उभी राहून त्याच्यावर ताव मारतात. मासे ओसरू लागले की लाल एल्डरबेरी पिकते आणि अस्वले टेकड्यांवर जातात. आधी हे, मग ते. २०१४ सालचा वसंत नेहमीपेक्षा उबदार होता. एल्डरबेरी काही आठवडे आधीच पिकली, नेमकी सामनच्या दिवसांत. अस्वलांनी मासे सोडले आणि बेरी धरली. माशांनी भरलेले ओढे अस्वलांविना राहिले. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. अस्वलांचे त्यात वाईट झाले नाही. एल्डरबेरीतले प्रथिनांचे प्रमाण वजन वाढवायला त्यांना चांगलेच मानवते. पण अस्वल ओढ्यावर मासा मारते, अर्धा खाते, अर्धा काठावर टाकते, त्यावर पक्षी, किडे आणि काठची झाडे जगतात. त्या सगळ्यांचा वाटा त्या वर्षी गेला. एक झुडूप लवकर पिकले, एवढेच घडले होते.

आता आपल्याकडे येऊ. रुडयार्ड किपलिंगचे ‘द जंगल बुक’ १८९४ साली आले. त्यातला बाळू आपल्या दूरदर्शनमुळे घराघरांत पोचला. किपलिंगने त्याला तपकिरी अस्वल केले आहे आणि गोष्ट घडते सिवनीच्या रानात, म्हणजे आपल्या नागपूरच्या पेंचला लागून. त्या रानात तपकिरी अस्वल नसते. ते हिमालयात, लडाख-काश्मीरकडे उंचावर असते. सिवनीत आणि सगळ्या विदर्भात राहते ते काळे, झिपऱ्या केसांचे, छातीवर पांढरट इंग्रजी ‘व्ही’सारखी खूण असलेले आपले अस्वल. ते भारतात, नेपाळात आणि श्रीलंकेत आहे. जगभरातली सगळी मिळून वीस हजारांहून कमी असावीत, असे मानतात. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे. किपलिंगच्या बाळूच्या आहारात एक मोठी गोष्ट राहून गेली आहे, ती म्हणजे वाळवी. आणि वाळवी वगळली तर हे अस्वल समजतच नाही.

या प्राण्याचे तोंडच वाळवीसाठी घडलेले आहे. वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नाहीत. तिथे फट आहे. ओठ लांब आणि ढिले, पुढे काढून नळी करता येते. नाकपुड्या हवे तेव्हा मिटता येतात, म्हणजे मातीही आत जात नाही आणि चिडलेली वाळवीही. टाळू खोलगट. पुढच्या पायांची नखे लांब, किंचित वाकलेली. अस्वल वारुळाला भोक पाडते, तोंड लावून जोराने फुंकर मारते, सुटी माती उडवते आणि मग आतली वाळवी ओढून घेते. फूं-सूं, फूं-सूं असा तो आवाज शांत रानात शंभर मीटरांपलीकडेही ऐकू येतो. विदर्भातली माणसे या आवाजावरून वाट बदलतात.

नेपाळच्या चितवनमध्ये अनुप जोशी, डेव्हिड गार्शेलिस आणि जेम्स स्मिथ यांनी अस्वलांचा बारकाईने अभ्यास केला, तो १९९७ साली छापून आला. तिथल्या अस्वलांच्या आहारात वर्षभर वाळवीचा भरणा मोठा होता आणि फळांच्या दिवसांत फळांचा. पावसाळ्यात नदीकाठची जमीन पाण्याखाली गेली, वारुळे बुडाली, की बरीचशी अस्वले सालाच्या उंच जंगलात जात. खाणे जिकडे, बिऱ्हाड तिकडे.

विदर्भातले वर्ष थोडक्यात सांगतो. आपले अस्वल उत्तरेच्या भावंडांसारखे हिवाळाभर झोपत नाही. बारा महिने हिंडते. पावसाळ्यात जमीन मऊ होते, उकरायला सोपी. तेव्हा वाळवी आणि मुंग्या. हिवाळ्यात बोरे, येरोणी, पुन्हा वाळवी, सापडला तर मध. डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास मादी कपारीत पिल्ले देते आणि काही आठवडे तिथेच राहते. उन्हे तापू लागतात तेव्हा ती पिल्लांना पाठीवर घेऊन बाहेर पडते. पाठीवरचे लांब केस धरून बसलेली दोन पिल्ले, हे दृश्य ज्याने पाहिले तो ते विसरत नाही. तेव्हा तिचे पोट खपाटीला गेलेले असते आणि दुधाची मागणी वाढलेली. नेमके तेव्हाच मार्च लागतो आणि मोह फुलतो.

मोहावर मला थांबले पाहिजे. मोहाचे फूल रात्री पक्व होते आणि पहाटे पहाटे गळते. मांसल, पिवळसर, गोड. सुकलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. फांदीवर पाने जवळजवळ नसतात, झाडाखाली मात्र फुलांचा सडा पडलेला असतो. गोंड, कोरकू, हलबा, गोवारी अशा कितीतरी समाजांसाठी हे फूल म्हणजे उन्हाळ्याचा पैसा आणि अडचणीच्या काळातले अन्न. बाया-माणसे आणि पोरे पहाटे अंधारात टोपल्या घेऊन निघतात, कारण उशीर झाला तर गुरे आणि हरणे फुले खाऊन टाकतात. आणि अस्वलही रात्रीपासून त्याच झाडाखाली असते.

या दिवसांत अस्वलाची विष्ठा पाहिली तर फुले अर्धीमुर्धी तशीच दिसतात आणि आंबूस वास लांबूनच येतो. मे-जूनमध्ये तीच विष्ठा काळी-जांभळी होते, जांभळाच्या बियांनी भरलेली. पावसाळ्यात नुसता मातीचा गोळा. काडीने फोडला की आत वाळवीची तांबूस डोकी मोहरीच्या दाण्यांसारखी चमकतात. रानाचे पंचांग वाचायला यापेक्षा चांगले साधन मला माहीत नाही. त्या बियांतून झाडे उगवतात हेही सांगायला हवे. बहाव्याच्या शेंगेतला गर, बेलफळ, टेंभुर्णी, जांभूळ खाऊन अस्वल मैलोगणती चालते आणि बिया खतासकट टाकत जाते. रानाने त्याला खाऊ घातले, त्याचे देणे ते असे फेडते.

पण पहाटेच्या त्या मोहाखाली काय होते ते पाहा. बाई वाकून फुले वेचते आहे. अस्वल खाली मान घालून खाते आहे. त्याची नजर अधू, नाक तीक्ष्ण; पण वारा उलटा असला तर नाकाचाही उपयोग नाही. खाताना स्वतःच्याच आवाजात त्याला दुसरे काही ऐकू येत नाही. दोघांना एकमेकांचा पत्ता लागतो तो चार हातांवर. हरीण असते तर पळाले असते. हे अस्वल पिढ्यान् पिढ्या वाघाबरोबर राहिलेले आहे आणि वाघापासून पळून सुटका नसते हे त्याच्या हाडामाशात उतरले आहे. म्हणून ते उभे राहते आणि अंगावर येते. जखमा बहुधा तोंडाला, डोक्याला होतात. माणूस वाचला तरी चेहरा राहत नाही. विदर्भातल्या गावांत असे चेहरे मी पाहिले आहेत. त्या माणसांपुढे उभे राहून अस्वलाचे गुणगान गाणे सोपे नाही, आणि गाऊ नये. त्यांचे दुःख खरे आहे.

पण अस्वल नरभक्षक नाही, हेही तितकेच खरे आहे. ते माणसाला खायला येत नाही. झाड एक, पहाट एक, फूल एक आणि उपाशी पोटे दोन; अपघात तिथून घडतो. म्हणून उपायही तिथलाच हवा. उजाडल्यावर जावे, एकट्याने जाऊ नये, मोठ्याने बोलत जावे, घुंगरू बांधलेली काठी आपटत चालावे. अस्वलाला आपण येतोय हे आधी कळले की ते बहुधा स्वतःच बाजूला होते. घुंगराची किंमत ती काय, पण त्याने चेहरे वाचतात.

मोहानंतर टेंभुर्णी. तेंदूचे फळ, पिवळे, चिकट गोड, एप्रिल-मेमधले. अस्वलाच्या उन्हाळ्याचा हा दुसरा खांब. आता याच झाडाची पाने विडीसाठी लागतात. पाने कोवळी आणि मोठी यावीत म्हणून फांद्या छाटतात, खोडे ठोकतात, जमिनीला आग लावतात. मोहाखालची जागा स्वच्छ व्हावी म्हणूनही पाचोळा पेटवतात. त्यातली कितीतरी आग पुढे रानभर पसरते. छाटलेल्या झाडाला फळ धरत नाही. जळलेल्या जमिनीवर रोपटे तगत नाही. तुम्हाला हे नवे वाटणार नाही. आपण राबासाठी ऐन-किंजळाची कवळे तोडतो, भाजावळ करतो, तेव्हा आपल्याही डोंगराला हेच होते.

इथे मला पाचगावचे उदाहरण सांगायचे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातले, गोंडपिपरी तालुक्यातले छोटे गाव. वनहक्क कायदा २००६ सालचा; त्याखाली पाचगावच्या ग्रामसभेला २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूवर गावाने चांगली कमाई केली. तेंदूपानांचा पैसाही मोठा होता, हातात रोख पडणारा. पण ग्रामसभेत चर्चा झाली : पानांसाठी झाडे छाटावी लागतात, आग लावावी लागते, आणि मग फळ मिळत नाही. गावाने पाने तोडणे बंद केले. फळ झाडावर पिकू दिले; माणसांनाही खायला मिळाले, पाखरांना आणि जनावरांनाही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या निर्णयाविषयी आवर्जून लिहिले आहे. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते असे की, हा निर्णय कोणत्याही अधिकाऱ्याने लादला नाही. ज्यांच्या चुलीवर त्याचा परिणाम होणार होता त्यांनीच बसून तो घेतला. आणि तो एका फळझाडाविषयी होता. अस्वलाच्या रक्षणाची कितीतरी परिपत्रके निघाली असतील. टेंभुर्णी झाडावर राहू देणे हे मला त्या सगळ्यांपेक्षा मोठे काम वाटते.

उलट चित्र बुलढाण्याकडे दिसते. अजिंठ्याच्या डोंगररांगेत ज्ञानगंगा अभयारण्य दोनशे चौरस किलोमीटरांच्या आसपास. चोहीकडून शेते अंगावर आलेली. मका, भुईमूग. डोंगरातले खाणे तोकडे पडले की अस्वल मक्यात उतरते. एकदा मक्याचे कणीस तोंडाला लागले की वारूळ कोण उकरत बसेल? शेतकऱ्याने रात्री राखण करायची, अस्वलाने रात्रीच यायचे. वनखाते नुकसानभरपाई देते, ती मिळालीच पाहिजे आणि वेळेवर मिळाली पाहिजे. पण भरपाईने डोंगरावर बोर किंवा उंबर उगवत नाही, आणि उगवेपर्यंत दरवर्षी तोच अर्ज तोच शेतकरी भरत राहणार.

आता मंडळी, दापोली तालुक्यात या. इथला शेतकरी वानरा-माकडांनी जेरीला आला आहे. नारळाची कोवळी शहाळी, आंबा, फणस, केळी, परसातली भाजी; काही म्हणून राहत नाही. कित्येकांनी नाचणी-वरी करणे सोडले, भाजी लावणे सोडले. हा राग मी समजू शकतो. त्यावर बंदोबस्त हवा, सरकारने तो मनावर घ्यायला हवा, यात दुमत नाही. पण बंदोबस्ताबरोबर एक चौकशी करू या. वानर चैत्रात काय खात होते? आषाढात काय? पौषात काय? त्यातले काय आता डोंगरावर उरले आहे?

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडे. बहुतेक रान खाजगी, तुमच्या-आमच्या सातबाऱ्यावरचे. म्हणजे विदर्भात वनखात्याकडे बोट दाखवता येते तसे इथे येत नाही. गेल्या काही दशकांत या डोंगरांवरचे जंगल सरसकट तोडून विकले गेले आणि त्या जागी काजू-आंब्याच्या कलमबागा उभ्या राहिल्या. बागेतून पैसा येतो, तो यायलाच हवा. पण डोंगरउतारावरचा उंबर गेला, वड गेला, जांभूळ गेले, करवंदीच्या जाळ्या साफ झाल्या, तोरणीची झुडपे पेटवली गेली. वड-उंबर-पिंपळ या कुळाची गोष्ट विशेष आहे. त्यांच्या फळांचा काही एक हंगाम नाही. एक झाड माघात लगडते, शेजारचे श्रावणात. रानात दुसरे काही नसते तेव्हाही कुठेतरी एखादा उंबर पिकलेला असतो. विदर्भात अस्वल त्याच्यावर जगते, इथे वानर, वटवाघूळ, उदमांजर, धनेश त्याच्यावर जगतात. हा उंबर काही विकला जात नाही, म्हणून पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते. माझ्या मते एका डोंगरावरचे चार मोठे उंबर पाडणे म्हणजे खालच्या वाडीत माकडांना आवतण देणे आहे.

३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातली आगरे आडवी केली. पिढ्यांची झाडे एका दुपारी गेली. त्यानंतर तुम्ही पुन्हा नारळ लावले, पोफळी लावल्या, कलमे लावली. ती जिद्द मी मनापासून वंदनीय मानतो. पण त्याच वादळात डोंगरावरचे जांभूळ, आंबाडा, वड, रायवळ आंबेही पडले. त्यांच्या जागी कोणी काय लावले?

देवराया आहेत म्हणून निदान काही जुनी झाडे शिल्लक आहेत. देवाच्या धाकाने टिकलेले ते रान जनावरांचे कोठार आहे, हे लक्षात ठेवून तिथले जीर्णोद्धार करावेत. मंदिर मोठे करताना मागचा वड पाडू नका, एवढे सांगायला संकोच वाटत नाही.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांनी मुलांना प्रत्येक गोष्ट मोजायला आणि लिहून ठेवायला शिकवले, असे इथल्या त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकले. म्हणून जाता जाता एक काम सुचवतो. जैविक विविधता कायदा २००२ सालचा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. अनेक ठिकाणी ती वही कोणाला तरी पैसे देऊन भरून घेतली जाते आणि कपाटात पडते. केळशीने ती स्वतः भरावी. शाळेतल्या मुलांना बारा महिने द्यावेत आणि प्रत्येक महिन्यात डोंगरावर कोणते रानफळ पिकले, कोणत्या वाडीत, किती झाडांवर, आणि त्यावर कोण आले, एवढेच लिहायला सांगावे. वर्षअखेर वही उघडली की रिकामे महिने आपोआप दिसतील. त्या महिन्यांत फळणारी झाडे कोणती, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना आणि कातकरी मंडळींना विचारावे. त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. मग ती झाडे डोंगरउतारावर आणि बांधावर लावावीत. उंबराचे रोप मोठे व्हायला वेळ लागतो, म्हणून सुरुवात याच पावसाळ्यात करावी, आणि जो उंबर आज उभा आहे त्याला हात लावू नये, अशी माझी केळशीच्या ग्रामसभेला हात जोडून विनंती आहे.